पफिन रॉक: लहान पोरांची शांत कार्टून सिरीज आणि आपली कोकणातली खडपं

नमस्कार मंडळी, आज आपण बोलणार आहोत पफिन रॉक या कार्टून सिरीजबद्दल. घरात तीन ते पाच वर्षांचं पोर असेल तर व्हिडिओ पूर्ण बघा, आणि समुद्राजवळ राहत असाल, मालवण वेंगुर्ला देवगड रत्नागिरी कुठेही, तर नक्कीच बघा, कारण ही गोष्ट आयर्लंडच्या किनाऱ्यावरच्या एका छोट्या बेटाची असली तरी बघताना मला सारखी आपली खडपंच, म्हणजे किनाऱ्यावरचे ओहोटीला उघडे पडणारे खडक, आठवत होती.

आधी सिरीज काय आहे ते सांगते. पफिन म्हणजे उत्तर अटलांटिकमधला समुद्रपक्षी, पाठ काळी, पोट पांढरं आणि चोच एकदम रंगीत. ऊना ही पफिनची छोटी मुलगी आणि बाबा हा तिचा धाकटा भाऊ, म्हणजे बाबा हे भावाचं नाव हां, वडील वेगळे आहेत, मुलांना आधीच सांगून ठेवा नाहीतर पहिला एपिसोड त्यातच जाईल. मित्रमंडळीत मे नावाचं सशाचं पिल्लू, सिल्की नावाचं सीलचं पिल्लू, बर्नी नावाचा शंखात राहणारा खेकडा आणि मॉसी, हा चिचुंद्रीच्या नात्यातला एवढासा प्राणी, आयर्लंडमधला सगळ्यात छोटा सस्तन प्राणी तोच. एक गोष्ट साधारण सात मिनिटांची. बनवलीय किलकेनी शहरातल्या कार्टून सलून या स्टुडिओने, डेरी शहरातल्या डॉग इअर्स कंपनीला सोबत घेऊन, आणि २०१५ मध्ये ती टीव्हीवर आली. कार्टून सलून १९९९ पासून काम करतंय, हाताने काढलेल्या चित्रांचा त्यांचा हातखंडा आहे आणि त्यांच्या सिनेमांना ऑस्करची नामांकनं मिळालीयत. त्यांनी तेच कसब तीन वर्षांच्या मुलांसाठी वापरलंय, कुठे घाईघाईत उरकल्यासारखं वाटत नाही.

आता मला जे खरं सांगायचंय ते. या सिरीजचा जीव आहे तिचा निवेदक. ख्रिस ओडाउड नावाच्या आयरिश अभिनेत्याचा आवाज आहे. आपण प्राण्यांची डॉक्युमेंटरी बघतो ना, त्यात एक माणूस मागून बोलत असतो, तसंच इथे, पण हा शिकवत नाही. तो मुलाच्या बाजूला बसून बघतोय असं वाटतं, ऊना कुठे निघाली, बाबा कशात अडकला, गंमत वाटली की हसतो, मधेच एखादी खरी माहिती सांगतो आणि पुन्हा गप्प. आणि तो गप्प बसतो तेव्हा वारा ऐकू येतो, लाटा ऐकू येतात, पक्ष्यांचा कलकलाट ऐकू येतो. लहान मुलांच्या कार्यक्रमात गप्प बसायची हिंमत लागते, बहुतेक ठिकाणी दर सेकंदाला काहीतरी वाजतंच.

प्रॉब्लेम पण मुलांच्या मापाचे आहेत. कुणीतरी हरवलंय, वादळाची भीती वाटतेय, सीगल काहीतरी पळवायला टपलेत. जग वाचवायचं वगैरे काही नाही. तीन वर्षांच्या मुलाला धाकटा भाऊ दिसेनासा झाला तर ते केवढं मोठं असतं, ते या लोकांना कळलेलं आहे.

आता कुणी म्हणेल शांत असो की धावपळीचं, कार्टून ते कार्टून. तसं नाहीये. व्हर्जिनिया विद्यापीठात चार वर्षांच्या ६० मुलांवर एक प्रयोग झाला, तो २०११ मध्ये छापून आला. काही मुलांना नऊ मिनिटं एकदम वेगवान कार्टून दाखवलं ज्यात साधारण दर ११ सेकंदांनी पूर्ण सीन बदलत होता, काहींना संथ कार्टून ज्यात ३४ सेकंदांनी बदलत होता, आणि काहींना चित्रं काढायला बसवलं. लगेच नंतर लक्ष देणं, धीर धरणं, सूचना लक्षात ठेवणं अशी कामं दिली तर वेगवान कार्टूनवाली मुलं मागे पडली. हे लगेचचं मोजमाप होतं, कायमचं नुकसान होतं असं त्यातून निघत नाही, ते पण सांगायला हवं. पण जेवायच्या किंवा झोपायच्या आधी काय लावायचं हे ठरवायला एवढं पुरे. आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय की दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात एका तासापेक्षा जास्त स्क्रीन नको, कमी असेल तर उत्तमच, तर सात सात मिनिटांच्या दोन गोष्टी झाल्या की बंद करणं पण सोपं जातं, कारण गोष्ट पूर्ण संपलेली असते.

भाषेचं काय, हा प्रश्न येणारच, कारण सिरीज इंग्लिश आहे आणि उच्चार आयरिश वळणाचे. माझं म्हणणं, आवाज एकदम बारीक करा आणि निवेदक तुम्ही व्हा. आईने, आजीने, आजोबांनी, कुणीही. आमच्या घरी मालवणीत चालतं, "बघ हां, ऊना खंय गेली? थंय पाण्यात! बाबाक भूक लागली." चित्रं इतकी स्पष्ट आहेत की गोष्ट कळायला शब्द लागतच नाहीत, आणि मूल पण मग बोलायला लागतं, तुम्ही चुकलात तर तुम्हाला थांबवतं. आजीला इंग्लिश येत नाही म्हणून ती टीव्हीपासून लांब बसते ना, तिला मधे बसवा, समुद्राचं तिला सगळ्यात जास्त माहिती आहे.

एक गोष्ट मात्र मुलांना नंतर कधीतरी सांगा. खरा पफिन वर्षाला एकच अंडं घालतो, जमिनीतल्या बिळात, त्यामुळे बहीण भाऊ एकत्र वाढतायत हे सिरीजने घेतलेलं स्वातंत्र्य आहे, आणि मला ते मान्य आहे, धाकटं भावंड नसतं तर गोष्टच उभी राहिली नसती. खऱ्या पफिनचं पिल्लू साधारण सहा आठवड्यांचं झालं की रात्रीच्या अंधारात एकटं बिळातून निघतं आणि समुद्रात जातं, आईबाप सोबत नसतात. हे वाचलं तेव्हा मला लगेच रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावची कासवं आठवली. ऑलिव्ह रिडलेची पिल्लं पण वाळूतून वर येतात आणि एकटीच पाण्याकडे निघतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांबरोबर तिथे ती घरटी जपायचं काम सुरू केलं, आणि सीझनमध्ये पिल्लं समुद्रात सोडताना लांबून बघता येतात. ऊनावर प्रेम करणाऱ्या मुलाला एकदा तिथे न्याच.

आणि आपल्याकडे पफिन रॉक नाही असं कोण म्हणतं? वेंगुर्ला रॉक्स आहेत की! निवतीसमोर समुद्रातले खडक, दीपगृह आहे तिथे, आणि तिथल्या गुहेत पाकोळ्या राहतात. इवलासा पक्षी, स्वतःच्या लाळेने घरटं बांधतो, अंधाऱ्या गुहेत टिक टिक आवाज काढून वाट शोधतो. त्या घरट्यांची चोरी व्हायची, परदेशात त्यांचं सूप करतात म्हणून. सांगा बरं, पाकोळीचं पिल्लू, एक कुर्ली, खाडीतलं एक पाणमांजर, वर घिरट्या घालणारा समुद्र गरुड आणि मागे एखाद्या मालवणी आजोबांचा आवाज, केवढी सुंदर सिरीज होईल. ॲनिमेशन शिकणारी कोकणातली मुलं हे बघत असतील तर मी मनापासून सांगते, कुणीतरी हे करा.

तोपर्यंत मुलांना खडपावर न्या. बर्नी बघितला ना, मग खरा बर्नी दाखवा, ओहोटीला खडकांच्या डबक्यात शंख चालताना दिसतात. तो हातात घेऊन खेळू नका, आणि रिकामे शंख पण पिशव्या भरभरून घरी नेऊ नका, कारण खेकडा वाढला की त्याला मोठं घर लागतं आणि ते त्यातूनच मिळतं.

ओहोटीची वेळ कशी काढायची ते जुन्या माणसांना विचारा. तिथीची पाऊणपट केली की अंदाजे भरतीची वेळ, म्हणजे चतुर्थीला तीनच्या आसपास, आणि तिथून सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा अमावस्येला उधाण असतं, दुपारी बाराच्या मागेपुढे भरती, आणि संध्याकाळी पाच सहाला पाणी सगळ्यात लांब गेलेलं, बालवाडीच्या पोरांना बरोबर सोयीचं. ठिकाणाप्रमाणे थोडं मागेपुढे होतं, म्हणून पाण्यातून मासे काढणाऱ्या कुणालातरी विचारूनच उतरा, पायात पकड असलेली चप्पल घाला, पाणी वळलं की लगेच वर या, आणि पावसाळ्यात खडपावर अजिबात नको, तेव्हा घरातच ऊना बघा.