भूल कोणती द्यायची?

(दृश्य: सकाळची रामबाग, उघडणारी दुकानं)

इंदूरच्या रामबागेत, नारायणबागेत गुडघ्याच्या ऑपरेशनची चर्चा चहाबरोबर होते. स्तनांच्या ऑपरेशनची होत नाही. कुणाला भार इतका, की ब्राच्या पट्ट्यांनी खांद्यावर खाच पडलेली आणि मान कायम दुखणारी. कुणाला बाळंतपणानंतर ओघळलेपण नकोसं वाटतं. बाई एकटीच ठरवते, फार तर बहिणीच्या कानावर घालते. आणि डॉक्टरसमोर बसली की तिच्या तोंडून आधी हेच निघतं, "पूर्ण बेशुद्ध करणार का हो?"

या प्रश्नाला घाईत उत्तर देऊ नये.

स्तनाच्या ऑपरेशनसाठी बेशुद्ध करणं नवं नाही. १८०४ साली जपानमध्ये शल्यचिकित्सक हानाओका सेइशू यांनी वनस्पतींचा काढा पाजून एका स्त्रीला बेशुद्ध केलं आणि स्तनातली कर्करोगाची गाठ काढली. त्या काढ्यात धोत्र्याच्या जातीची वनस्पती होती. बोस्टनमध्ये ईथर हुंगवून भूल देण्याचं जाहीर प्रात्यक्षिक झालं ते १८४६ साली, म्हणजे त्यानंतर ४२ वर्षांनी.

(दृश्य: ऑपरेशन थिएटर, मॉनिटरवरच्या रेषा)

आज पूर्ण भूल म्हणजे शिरेतून प्रोपोफॉल हे बेशुद्धीचं औषध, श्वासासाठी घशात नळी, आणि नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड यांवर सतत नजर. स्तन लहान करायचे असतील किंवा इम्प्लांट छातीच्या स्नायूखाली बसवायचं असेल, तर बहुतेक वेळा हीच भूल. काम काही तास चालतं, स्नायू सैल लागतो.

काम लहान असेल तर जागा बधिर करून, सोबत हलकी गुंगी देऊनही भागतं. इथे हिशेब मात्र कडक. अॅड्रेनलिन मिसळलेलं लिग्नोकेन, म्हणजे जागा बधिर करणारं औषध, साधारणपणे वजनाच्या दर किलोला ७ मिलिग्रॅमपर्यंत देतात. साठ किलोच्या बाईला ४२० मिलिग्रॅम, म्हणजे दोन टक्क्यांच्या औषधाचे फक्त २१ मिलिलिटर. दोन्ही बाजूंना एवढ्याने कसं पुरणार? म्हणून ते सलाईनमध्ये खूप पातळ करून पसरवतात. चरबी काढण्यासाठी ही पद्धत जेफ्री क्लाइन यांनी १९८७ मध्ये मांडली. मात्रा चुकली तर ओठांना मुंग्या, कानात आवाज, पुढे झटके, आणि हृदयावरही परिणाम.

म्हणून हलकी भूल म्हणजे कमी धोक्याची, हा समज आम्हाला काळजीचा वाटतो. गुंगी नकळत गाढ होते, श्वास मंदावतो, आणि तेव्हा घशात नळी नसते. "लोकलच तर आहे, भूलतज्ज्ञ कशाला?" असं कुठे ऐकू आलं, तर बाईंनी तिथून सरळ उठून यावं.

तिसरी गोष्ट फारशी कुणी विचारत नाही, आणि वेदनेच्या दृष्टीने तीच मोलाची. सोनोग्राफीत पाहत छातीच्या दोन स्नायूंच्या मधल्या पडद्यात सुई नेऊन नसा बधिर करतात. रफाएल ब्लांको यांनी २०११ मध्ये वर्णन केलेला हा पेक्स ब्लॉक. बहुतेकदा तो पूर्ण भुलेच्या जोडीनेच देतात. त्याने अफूच्या जातीची औषधं कमी लागतात, आणि ती कमी लागली की मळमळही कमी. गाडी लागणाऱ्या बाईला भुलेनंतर उलटीचा त्रास जास्त होतो, तेव्हा ही सवय भूलतज्ज्ञांना आधीच सांगावी. दमा, घोरणं, आधीच्या भुलेचा अनुभव, चालू गोळ्या, हेही सगळं.

(दृश्य: स्वयंपाकघर, ओट्यावर चहाचं आधण)

उपाशी राहण्यात आपल्याकडे फसगत होते ती चहाने. साधं पाणी २ तास आधीपर्यंत चालतं. दुधाचा चहा पोटात अन्नासारखा धरायचा, म्हणजे ६ तास. आदल्या रात्री सराफ्याच्या खाऊबाजारात तळलेलं खाल्लं असेल तर किमान ८.

घरी आल्यावर पहिले २४ तास कुणीतरी सोबत हवं, स्कूटरला हात लावायचा नाही. ब्लॉक रात्री केव्हातरी उतरतो, तेव्हा दुखायला लागायची वाट न पाहता डॉक्टरांनी लिहिलेली वेदनाशामक गोळी झोपण्याआधीच घ्यावी.