ताफ्यातून निघालेला गायक

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या सोलापुरातल्या जुन्या ऑर्केस्ट्रांचे दिवस ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना आठवत असेल की फलकावर नाव ऑर्केस्ट्राचे असले, तरी गणेशोत्सवाची सुपारी द्यायला आलेले मंडळाचे कार्यकर्ते पहिला प्रश्न विचारत तो ‘गायक कोण?’ हाच. तो गायक एखाद्या वर्षी बाहेर पडला, की ऑर्केस्ट्रा आता चालणार कसा, ही चिंता वादकांना लागे. आणि मागे वाजवायला माणसे कुठून आणायची, ही चिंता त्या गायकाला. आज मी ज्या गायकाविषयी बोलणार आहे, त्यांच्या बाबतीत हे दोन्ही प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर विचारले गेले आणि दोन्हींची उत्तरे कुणी कल्पिली नव्हती अशी आली. पीटर गॅब्रिएल हे त्यांचे नाव आणि जेनेसिस हे त्यांच्या रॉक बँडचे.

त्यांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो पूर्वभागातल्या एका मित्राच्या घरी, माडीवरच्या टेपरेकॉर्डरवर, खाली यंत्रमाग चालू असताना. इंग्रजी शब्द फारसे कळले नाहीत. पण जमिनीतून पायांना जाणवणारी मागाची खटखट आणि त्या गाण्यातला ढोल यांची कुठेतरी ओळख असावी, असे तेव्हा वाटले आणि ते आजही वाटते.

गॅब्रिएल यांचा जन्म १३ फेब्रुवारी १९५०चा, इंग्लंडमधल्या सरे परगण्यातला. चार्टरहाउस नावाच्या निवासी शाळेत शिकत असताना १९६७ साली टोनी बँक्स, माइक रदरफोर्ड आणि अँथनी फिलिप्स या शाळासोबत्यांबरोबर त्यांनी जेनेसिसची सुरुवात केली. पुढे १९७० साली फिल कॉलिन्स ड्रमवादक म्हणून आले आणि १९७१ साली स्टीव्ह हॅकेट गिटारवादक म्हणून. त्यांची गाणी लांबलचक असत. १९७२ सालचे त्यांचे एक गाणे तर सुमारे तेवीस मिनिटांचे आहे. कार्यक्रमात दोन गाण्यांच्या मध्ये बारा तारांच्या गिटारी जुळवायला बराच वेळ जाई. तेवढा वेळ प्रेक्षकांना धरून ठेवण्यासाठी गॅब्रिएल विचित्र, काल्पनिक गोष्टी सांगू लागले. आपला कीर्तनकार उत्तररंगात आख्यान लावतो, त्याच जातीची ती कला होती. गोष्टीतून पात्र आले आणि पात्राबरोबर वेष आला. १९७२ साली डब्लिनच्या एका कार्यक्रमात ते बायकोचा लाल झगा घालून आणि कोल्ह्याचा मुखवटा चढवून रंगमंचावर आले, तेव्हा सोबतच्या वादकांनाही त्याची पूर्वकल्पना नव्हती. सभागृह स्तब्ध झाले, वृत्तपत्रांत छायाचित्रे आली आणि बँडचे मानधन वाढले.

इथूनच अडचणही सुरू झाली, असे माझे मत आहे. पाच जणांनी मिळून रचलेल्या संगीताला लोक एकाच चेहऱ्याने ओळखू लागले, आणि तो चेहराही खरा नव्हता, मुखवट्याचा होता. १९७४ सालच्या ‘द लँब लाइज डाउन ऑन ब्रॉडवे’ या दुहेरी अल्बममध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर वाढलेल्या रेएल नावाच्या मुलाची कथा आहे. तिचे जवळजवळ सगळे शब्द गॅब्रिएल यांनी एकट्याने लिहिले आणि चाली बाकीच्यांनी बांधल्या. त्याच वर्षी त्यांची पहिली मुलगी जन्मली, तिची प्रकृती जन्मतःच नाजूक होती, आणि रुग्णालय व तालमीची जागा यांच्यामध्ये त्यांच्या फेऱ्या चालू राहिल्या. या अल्बमच्या दौऱ्यात एका पात्रासाठी त्यांनी गाठीगाठींचा इतका अवाढव्य पोशाख वापरला, की माइक तोंडापर्यंत नीट पोहोचेना. गाण्यासाठी घेतलेल्या वेषाने गळाच झाकला जावा, ही गोष्ट मला त्यांच्या पुढच्या निर्णयाचे सर्वांत सोपे स्पष्टीकरण वाटते. दौरा सुरू होऊन थोडेच दिवस झाले असताना, नोव्हेंबर १९७४मध्ये, अमेरिकेत त्यांनी सहकाऱ्यांना सांगितले की हा दौरा पूर्ण करून मी निघणार. शब्द दिल्याप्रमाणे त्यांनी शंभराहून अधिक कार्यक्रम पार पाडले आणि मे १९७५मध्ये फ्रान्समध्ये ते शेवटचे गायले. नंतर वृत्तपत्रांना धाडलेल्या पत्रात त्यांनी लिहिले होते त्याचा आशय असा, की गाण्यांच्या सोयीसाठी आम्ही जे वाहन उभे केले होते, तेच आता आमचे मालक झाले आहे.

आपल्याकडे या प्रसंगाशी ताडून पाहता येईल असा एक इतिहास आहे. बालगंधर्वांनी १९१३ साली किर्लोस्कर नाटक मंडळी सोडली आणि गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह गंधर्व नाटक मंडळी काढली. आपल्या संगीत रंगभूमीवर मोठ्या गायकनटाने एक कंपनी सोडायची आणि दुसरी उभारायची, ही रीतच होती. गॅब्रिएल यांनी नवी कंपनी काढली नाही. त्यांनी घरी राहून मुलीकडे पाहिले, भाजीपाला पिकवला आणि पियानोपाशी बसून गाणी लिहिली. इकडे जेनेसिसने गायकाचा पुष्कळ शोध घेतला आणि अखेरीस मागे ड्रमवर बसलेल्या फिल कॉलिन्स यांनाच पुढे उभे केले. कॉलिन्स गायक झाल्यानंतरचा, १९७६ साली आलेला बँडचा पहिला अल्बम आधीच्या अल्बमांपेक्षा जास्त खपला. म्हणजे ऑर्केस्ट्रा चालणार का, या प्रश्नाचे उत्तर वर्षभरात मिळाले होते. गायकाचे काय, हे अजून ठरायचे होते.

ते १९७७ साली ‘सॉल्सबरी हिल’ या गाण्याने ठरवले. इंग्लंडमधल्या बाथ शहराजवळ ही एक लहानशी टेकडी आहे. तिच्या नावात आपल्या सोलापूरचा ध्वनी ऐकू येतो, म्हणून मला ती जरा जास्त जवळची वाटते, हे कबूल करतो. गाणे आहे बँड सोडण्याच्या निर्णयाविषयी, आणि ते सात मात्रांचे आहे. रॉक संगीत बहुधा चार मात्रांच्या चालीने चालते. म्हणून त्या श्रोत्याला दर आवर्तनात एक पाऊल कमी पडल्याचा भास होतो आणि मन पुढे झेपावते. आपल्या कानांना सात मात्रा परक्या नाहीत. रूपक तालातली भजने आणि भावगीते आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तालाचे खंड निराळे असले, तरी मात्रा मोजून पाहा, सात भरतील. घर सोडून निघालेल्या माणसाची धास्ती आणि उमेद त्या एका कमी पडलेल्या मात्रेत मावली आहे, असे मला प्रत्येक वेळी वाटते.

मुखवटे त्यांनी टाकले, पण चेहरा दिला नाही. पहिल्या चारही अल्बमांना त्यांनी केवळ स्वतःचे नाव दिले, एखाद्या मासिकाचे अंक निघावेत तसे. त्यामुळे लोक ते मुखपृष्ठावरून ओळखतात: पहिल्यावर पावसाने भिजलेल्या मोटारीच्या काचेआडचा माणूस, दुसऱ्यावर चित्र नखांनी ओरबाडणारे हात, तिसऱ्यावर अर्धा वितळून ओघळलेला चेहरा.

या तिसऱ्या, १९८० सालच्या अल्बमपाशी मला थोडे थांबायचे आहे, कारण माझ्या मते गॅब्रिएल खऱ्या अर्थाने स्वतंत्र झाले ते इथे. निर्माते होते स्टीव्ह लिलीव्हाइट आणि ध्वनिमुद्रक ह्यू पॅडगम. गॅब्रिएल यांनी ड्रमवादकांना अट घातली, की थाळी वाजवायची नाही, झांजेचा एकही स्वर नको. आपल्या मिरवणुकीतल्या लेझमीच्या डावातून लेझमीचा छणछणाट काढून घेतला आणि नुसती हलगी ठेवली, तर काय होईल, याची कल्पना सोलापूरकरांनाच करता येईल. सगळी चमक जाते, उरतो तो ठोका, आणि त्या ठोक्यांमधली जागा अचानक मोठी वाटू लागते. ती जागा कशाने भरावी, याचे उत्तर योगायोगाने मिळाले. वादकांचे बोलणे नियंत्रण कक्षात ऐकू यावे म्हणून स्टुडिओत एक साधा माइक टांगलेला असे आणि त्याचा आवाज मुद्दाम खूप आवळलेला असे, म्हणजे बारीक आवाजही मोठा ऐकू येई. त्यातून ड्रम ऐकू आले ते प्रचंड होऊन. त्यांचा घुमारा मध्येच कापून टाकल्यावर, दार आपटून बंद व्हावे तसा ठोका तयार झाला. १९८०च्या दशकातल्या लोकप्रिय संगीतावर या ठोक्याची छाप पडली. आणि तो ठोका वाजवणारे हात कुणाचे होते? फिल कॉलिन्स यांचे. ज्यांनी गॅब्रिएल यांची जागा घेतली होती, तेच त्यांच्या अल्बमवर पुन्हा मागे ड्रमवर बसले होते. असे नाते टिकवून बाहेर पडणे किती गायकांना जमते?

याच अल्बमच्या शेवटी ‘बिको’ हे गाणे आहे. दक्षिण आफ्रिकेतील वर्णद्वेषाविरुद्ध लढणारे स्टीव्ह बिको १२ सप्टेंबर १९७७ रोजी पोलिसांच्या कोठडीत मरण पावले. गाण्याच्या सुरुवातीला आणि शेवटी तिथल्या लोकांचे सामूहिक गायन आहे. मध्ये एकसुरी, जड ढोल चालतो आणि गॅब्रिएल यांचा आवाज त्याच्यावरून फार पुढे येत नाही. अमेरिकेतल्या ज्या कंपनीने आधीचा अल्बम काढला होता, तिने हा अल्बम नाकारला आणि तो तिथे दुसऱ्या कंपनीने काढला. तिसरा आणि चौथा हे दोन्ही अल्बम त्यांनी जर्मन भाषेतही पुन्हा गायले. एकाच बाजारात मराठी, कन्नड आणि तेलुगू अशा तीन भाषांत भाव करणाऱ्या आपल्या शहराला यात नवल वाटणार नाही. पण यशाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या इंग्रज गायकाच्या दृष्टीने तो वाकडा रस्ताच होता.

त्याहून वाकडा रस्ता त्यांनी १९८२ साली धरला. आफ्रिकेतले, आशियातले ढोल आणि आवाज ऐकून ते भारावले होते, आणि हे संगीत इतरांनी ऐकावे म्हणून काही सहकाऱ्यांसह त्यांनी इंग्लंडमधल्या शेप्टन मॅलेट इथे ‘वोमॅड’ नावाचा महोत्सव भरवला. बुरुंडीच्या ढोलवादकांसारखे कलावंत तिथे आले. संगीत उत्तम झाले आणि हिशेब पार कोसळला. कर्ज झाले, घेणेकरी दाराशी आले, धमक्यांपर्यंत गोष्ट गेली. तेव्हा मदतीला आला तो सात वर्षांपूर्वी सोडलेला जुना ताफा. २ ऑक्टोबर १९८२ रोजी मिल्टन कीन्स इथे, भर पावसात, जेनेसिसमधले बँक्स, रदरफोर्ड, कॉलिन्स आणि हॅकेट हे जुने सहकारी गॅब्रिएल यांच्यासाठी एकत्र आले, त्यांनी जुनी गाणी वाजवली आणि त्या पैशातून महोत्सव वाचला. मला या संपूर्ण कथेतला हा दिवस सर्वांत प्रिय आहे.

१९८६ सालच्या ‘सो’ या अल्बमविषयी मी थोडक्यात सांगतो, कारण त्याची कीर्ती सर्वांना ठाऊक आहे. त्यातले ‘स्लेजहॅमर’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. आणि त्याने ज्या गाण्याला त्या जागेवरून हटवले, ते जेनेसिसचेच होते. त्याच्या चित्रफितीसाठी गॅब्रिएल सोळा तास काचेखाली पडून राहिले होते. तिला १९८७ साली नऊ पुरस्कार मिळाले. पण याच अल्बममधल्या एका प्रेमगीताच्या शेवटी सेनेगलचे यूसू न्दूर वोलोफ भाषेत गाऊ लागतात आणि गॅब्रिएल सूर खाली घेऊन त्यांना वाट देतात. यशाच्या शिखरावर असलेल्या मुख्य गायकाने आपल्याच गाण्याचा शेवट दुसऱ्याच्या गळ्याला द्यावा, ही गोष्ट मला त्या नऊ पुरस्कारांहून मोठी वाटते.

पुढे तोच त्यांचा मार्ग झाला. १९८५च्या वोमॅडमध्ये नुसरत फतेह अली खाँ यांची कव्वाली झाली होती. विल्टशायरमधल्या बॉक्स या गावी जुन्या पाणचक्कीच्या आवारात गॅब्रिएल यांनी स्टुडिओ बांधला आणि १९८९ साली ‘रिअल वर्ल्ड’ ही ध्वनिमुद्रण संस्था सुरू केली. त्याच वर्षी आलेल्या ‘पॅशन’ या चित्रपटसंगीताच्या अल्बममध्ये नुसरत साहेबांचा आवाज आहे आणि आपल्या एल. शंकर यांचे दुहेरी व्हायोलिन आहे. गॅब्रिएल स्वतः फार कमी ऐकू येतात. ३० सप्टेंबर १९८८ रोजी मानवी हक्कांसाठी निघालेल्या दौऱ्यात ते दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर गाऊन गेले, तेव्हाही यूसू न्दूर त्यांच्याबरोबर होते.

स्वतःचे नवे अल्बम मात्र ते फार सावकाश काढतात. २००२ सालानंतर नव्या गाण्यांचा अल्बम आला तो २०२३च्या डिसेंबरमध्ये, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, आणि तो ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. त्यातली गाणी त्यांनी वर्षभर दर पौर्णिमेला एकेक करून प्रसिद्ध केली. पहिले आले ६ जानेवारीला, पौष पौर्णिमेला. आपल्याकडे तेव्हा सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेची तयारी चालू होती. त्याच्या आदल्या वर्षी, २६ मार्च २०२२ रोजी, जेनेसिसचा शेवटचा कार्यक्रम लंडनमध्ये झाला. प्रकृती ढासळलेले फिल कॉलिन्स खुर्चीत बसून गायले. गॅब्रिएल त्या रात्री तिथे होते, ते प्रेक्षकांत.

श्रोतेहो, त्यांच्या कार्यक्रमांचा शेवट अनेकदा ‘बिको’ने होतो. शेवटचे कडवे संपले, की ते शब्दहीन पालुपद लोकांच्या स्वाधीन करतात आणि रंगमंच सोडून आत जातात. मग एकेक वादक आपले वाद्य खाली ठेवून त्यांच्या मागोमाग निघतो. लोक गातच राहतात. रंगमंचावर उरतो एकटा ड्रमवादक, आणि थोड्या वेळाने तोही काठ्या ठेवून उठतो.