छारानगरचं नाटक

(अहमदाबाद. कुबेरनगरकडून आत शिरणारी गल्ली. दारांवरच्या पाट्या.)

इंद्रेकर. गागडेकर. तमायचे. माचरेकर. आडनावं ऐकून सोलापूर-पुण्याकडची मंडळी वाटतील. वस्ती मात्र अहमदाबादची, नाव छारानगर. आपल्याकडे ज्यांना कंजारभाट म्हणतात, त्यांचेच हे भाऊबंद, छारा. घरात भांतू बोलतात, बाहेर गुजराती आणि हिंदी.

गुजरातेत दारूबंदी आणि छारानगरात हातभट्टी, एवढंच शहराला या वस्तीबद्दल ठाऊक असतं. भट्ट्या आहेत, ते इथे कुणी नाकारत नाही. पण त्याच गल्ल्यांत वकिलांच्याही पाट्या आहेत, आणि त्या थोड्याथोडक्या नाहीत. त्या पाट्यांची बातमी होत नाही, इतकंच.

(जुनी कृष्णधवल छायाचित्रं.)

१८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. त्यात गुन्हा करायची गरजच नव्हती, ठरावीक जमातीत जन्माला आलं की पुरे. अशा जमातींना पुढे सेटलमेंटमध्ये, म्हणजे सक्तीच्या वसाहतीत ठेवलं, त्यांच्या मागे पोलिसांची हजेरी लावली. सोलापूरकरांना हे वेगळं सांगायला नको, तिथे सेटलमेंट हा शब्द अजून पत्त्यात येतो. मुंबई प्रांतातल्या अहमदाबादेत छारांच्या वाट्यालाही तेच आलं. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती 'विमुक्त' झाल्या. मग सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, मुंबई राज्याचा १९५९ सालचा. पाटी बदलली, पोलिसांची नजर तीच राहिली.

(वाचनालयाची खोली. पुस्तकांची कपाटं.)

१९९८ साली दोन पाहुणे छारानगरात आले. एक मूळचे भोरचे, बडोद्यात इंग्रजी शिकवलेले भाषातज्ज्ञ गणेश देवी. दुसऱ्या बंगाली लेखिका महाश्वेतादेवी. पोरांना विचारलं, काय हवं? पोरांनी वाचनालय मागितलं. ते सुरू झालं, आणि पुस्तकांच्या त्या खोलीतच नाटक उभं राहिलं.

दक्षिण बजरंगे त्या पोरांपैकीच एक. त्याच्या हातात पश्चिम बंगालमधल्या पुरुलियाच्या एका खटल्याची हकिकत पडली.

बुधन सबर. खेडिया सबर जमातीतला तरुण. फेब्रुवारी १९९८मध्ये बायकोबरोबर जाताना वाटेत पोलिसांनी उचलला. काही दिवसांत कोठडीत मेला. पोलीस म्हणाले, गळफास घेतला. सबरांचा विश्वास बसला नाही. त्यांनी पुतळा जाळून अंत्यसंस्काराचा देखावा केला आणि बुधनचं शव पुरून ठेवलं, पुन्हा शवविच्छेदन व्हावं म्हणून. कलकत्ता उच्च न्यायालयात न्यायमूर्ती रुमा पाल यांनी बुधनच्या बायकोला नुकसानभरपाई आणि सीबीआय चौकशी, दोन्हींचा आदेश दिला.

पुरुलिया कुठे, अहमदाबाद कुठे! पण कोठडी म्हणजे काय, हे छारानगरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

(मोकळ्या जागेत तालीम. भोवती बायाबापड्या, लहान मुलं.)

ना पडदा, ना नेपथ्य, ना दिवे. चार पोरांनी हात ताणून उभं राहायचं, ती झाली कोठडी. तीच पोरं दुसऱ्या क्षणी बाजारातली गर्दी. काठी हवेतच थांबते, आवाज मात्र पायांनी जमिनीवर काढायचा, आणि तो नेमक्या वेळी आला नाही तर तालीम पुन्हा पहिल्यापासून. पोलिसाची भूमिका कशी करायची, हे मात्र इथे शिकवावं लागत नाही. तो खांद्याला धरून वळवणारा हात सगळ्यांनी लहानपणापासून पाहिलेला.

'बुधन' झालं, आणि संचाचं नावही तेच पडलं, बुधन थिएटर. पुढचं नाटक आपल्या बारामतीचं. तिथे जून १९९८मध्ये पिन्या हरी काळे हा पारधी पोलीस कोठडीत मेला. त्याच्यावर छारांनी अहमदाबादेत नाटक केलं. ही गोष्ट बारामतीच्या आसपास तरी किती जणांना माहीत आहे, कोण जाणे.

बाहेरची माणसं इथे येतात तेव्हा त्यांना एकच कथा हवी असते. चोर होते, नाटकाने सुधारले! ऐकायला गोड आहे. पण नाटकाने भट्टी बंद होत नाही, त्याला दुसरा रोजगार लागतो, आणि पत्ता ऐकूनच तो नाकारला जातो. बजरंगे आणि त्याच्या सोबत्यांनी वेगळंच काम केलं. जे घरात दबक्या आवाजात बोललं जायचं, ते चौकात मोठ्याने बोलायची सवय वस्तीला लावली. चोरी करायलाही अभिनय लागतोच, अशी चेष्टा छारा स्वतःचीच करतात. ती दुसऱ्याने केली, की त्यांचा चेहरा बदलतो.

संचातली काही पोरं राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेली, कुणी पत्रकार झालं, कुणी माहितीपट करू लागलं.

(रात्रीची गल्ली. फुटलेल्या काचा असलेली दुचाकी.)

२६ जुलै २०१८च्या रात्री पोलिसांचा मोठा छापा पडला. घरात घुसून मारहाण केली, गाड्या फोडल्या, असं रहिवाशांचं म्हणणं. पकडलेल्यांत नाटकातली माणसंही होती. लाठ्या खाल्ल्यानंतर वस्तीने निषेध केला तो शांततेत, आणि गुजरातबाहेरच्या वर्तमानपत्रांनीही त्याची दखल घेतली. वीस वर्षं चौकात उभं राहून बोलण्याचा तेव्हा उपयोग झाला, असं मला वाटतं. कॅमेऱ्यापुढे काय सांगायचं, कोणत्या क्रमाने सांगायचं, हे तिथल्या बायांनाही नीट ठाऊक होतं.

ऑक्टोबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतल्या जातिभेदाच्या खटल्यात पोलिसांना बजावलं, की विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक करू नका. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवरचा हा निकाल. विमुक्त झाल्याला तेव्हा ७२ वर्षं होऊन गेली होती.

(तालमीची जागा. नवी मुलं.)

आता 'बुधन' करायला उभी राहणारी बरीच मुलं १९९८ नंतर जन्मलेली आहेत. नाटक हिंदीत आहे. पण चुकलं की एकमेकांना शिव्या भांतूतच घालतात.