दोराला हात

नमस्कार श्रोतेहो. धर्म सांगायला म्हणून परमुलखातून आपल्या कोकणात आलेली माणसं इथल्या रोजच्या जगण्यातून स्वतः काय शिकली, याविषयी आज बोलणार आहे.

पहिलं नाव अर्थातच फादर थॉमस स्टीफन्स यांचं. मूळचे इंग्लंडचे. १५७९ साली गोव्यात उतरले आणि १६१९ साली वारले तेही इकडेच. मराठीत ओव्या रचणारा इंग्रज म्हणून आपण त्यांना ओळखतो. मला मात्र त्यांनी १५८३ साली भावाला धाडलेलं पत्र फार आवडतं. त्या पत्रात आपला माड आहे! माडाचं तेल, माडी, साखर, शिर्का, काथ्याचे दोर, पावसाला अडवणाऱ्या झावळ्या, लोहाराच्या भट्टीत जाणारा करवंटीचा कोळसा, सगळं त्यांनी टिपून ठेवलंय. उपदेश करायला आलेल्या माणसाने आधी मान वर करून परसातलं झाड नीट पाहिलं. मोठी गोष्ट आहे ही. नव्या गावात गेल्यावर आधी पाहावं, मग बोलावं. शिक्षक असो, डॉक्टर असो, नाहीतर बदलून आलेला साहेब असो, सर्वांनाच हे लागू आहे असं माझं मत आहे.

पण आज मला सांगायचीय ती गोष्ट एका दुसऱ्या फादरांची. त्यांचं नाव सांगत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. ते स्पेनचे, द्राक्षमळ्यांच्या गावातले. उतारवयात मालवणच्या बाजूला राहायचे आणि ही हकिकत त्यांनी मला स्वतः सांगितली होती.

बायबलमध्ये, मत्तयच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात, येशूने सांगितलेला एक दाखला आहे. द्राक्षमळ्याचा धनी पहाटे मजूर लावतो, एका दिनाराच्या बोलीवर. दुपारी आणखी लावतो. दिवस मावळायला तासभर उरला असताना आणखी काही लावतो. आणि संध्याकाळी सगळ्यांना सारखाच एक दिनार देतो. दिवसभर उन्हात राबलेले कुरकुरतात. फादर तरुणपणी आपल्या गावी हा दाखला सांगायचे, तेव्हा समोर बसलेल्या मळेकऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. मजुरी म्हणजे काय, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं ना! देवाची कृपा मोजूनमापून मिळत नसते, हे फादर परोपरीने समजावायचे. लोक ऐकून घ्यायचे, पण पटायचं नाही.

मग ते इकडे आले. एका सकाळी किनाऱ्यावर फिरताना त्यांना रापण लागलेली दिसली. आता रापण म्हणजे काय हे तुम्हाला मी काय सांगावं! होडी जाळं सोडत अर्धगोल फिरून आलेली, काठावर माणसांच्या दोन रांगा, दोन्हीकडून दोर ओढणं चाललेलं. फादरांनी चपला वाळूत काढल्या आणि दोर धरला. तळहात सोलपटले, पण सोडला नाही. दोन्ही रांगा सरकत सरकत जवळ येत होत्या. जाळ्याचा घोळ गुडघाभर पाण्यात आला, तेव्हा एक म्हातारी लगबगीने आली, तिनेही दोराला हात लावला. चार-सहा हिसके ओढले असतील, तेवढ्यात जाळं वाळूवर. आत बांगडे, तडफडणारे, पाठीवर ती हिरवी-निळी झाक.

वाटे पडले. जाळ्याचा वेगळा, होडीचा वेगळा. मग ओढणाऱ्यांचे. म्हातारीपुढेही वाटा पडला, पहाटेपासून ओढणाऱ्या पोरापुढे पडला तेवढाच. फादर निघायला लागले, तर तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, म्हणाला, "खंय चललात, फादर? दोरयेक हात लायल्यात मां? मगे ह्यो तुमचो वाटो."

फादरांनी त्या पोराला विचारलं, "ती आत्ता आली. तुला काही वाटत नाही?" पोरगा बांगडे पिशवीत भरत होता. मान वर न करता म्हणाला, "आज ती उशिरा इली. फाल्या मी उशिरा येतलंय."

श्रोतेहो, फादर मला म्हणाले, "इतकी वर्षं मी ज्यासाठी शब्द शोधत होतो, ते त्या पोराने मासे भरता भरता सांगून टाकलं." पुन्हा सांगतो: आज ती उशिरा आली, उद्या मी येईन. पुढे फादर खेड्यांतून हा दाखला सांगायचे तो रापणीचाच. द्राक्षमळा इथे कुणी पाहिलाय? रापण सगळ्यांनी पाहिलेली. आणि ऐकणाऱ्या एकाही कपाळावर आठी दिसायची नाही.

त्या दिवशी त्यांच्या स्वयंपाकिणीने बांगड्याचं तिखलं केलं, तिरफळं घालून. तिरफळांशिवाय बांगड्याचं तिखलं करू नये, हे माझं ठाम मत आहे.

आणखी एक बोलल्याशिवाय राहवत नाही. पर्ससीन जाळी, म्हणजे माशांचा अख्खा थवा वेढून तळाशी आवळायची ती मोठी जाळी, आणि रात्री समुद्रात पाजळलेले एलईडी दिवे यांनी रापणकरांच्या पोटावर पाय दिलाय. पर्ससीनवरच्या निर्बंधांचे आदेश २०१६ साली निघाले, पण आदेश कागदावर राहून भागत नाही. खोल पाण्यात मासा एकट्याने उपसला की काठावर दोरच उरत नाही. मग म्हातारीने हात लावायचा कशाला? रापण बुडाली तर मासे कमी होतील एवढंच नव्हे, वाटे घालायची ही रीतही जाईल.

अजून ठिकठिकाणी रापण लागते. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवळला की सकाळच्या वेळी किनाऱ्यावर जा. नुसते फोटो काढू नका, दोर धरा. उशीर झाला असला तरी धरा. आणि जाताना पिशवी न्यायला विसरू नका. नमस्कार.