पाणबुडीचा दम

(दृश्य : लाबोचा समुद्रकिनारा. वाळूवर टेकलेली राखाडी पाणबुडी. वाऱ्याचा आवाज.)

जर्मनीच्या उत्तर टोकाला, कीलच्या खाडीवर लाबो नावाचं छोटं गाव आहे. उन्हाळ्यात लोक इथे पोहायला येतात. त्यांच्या टॉवेलांपासून आणि छत्र्यांपासून हाकेच्या अंतरावर, त्याच वाळूत, ६७ मीटर लांबीची एक पाणबुडी ठेवलेली आहे. यू-९९५. हॅम्बुर्गच्या ब्लोम अँड फॉस गोदीत बांधलेली, १९४३ साली नौदलात दाखल झालेली. तिच्या पोटाला आता दारं कापली आहेत. तिकीट काढायचं, एका दारानं आत शिरायचं, डोकं सांभाळत, अंग चोरत चालायचं आणि दुसऱ्या दारानं बाहेर पडायचं. काही मिनिटांचं काम.

याच नळीत पन्नासेक माणसं आठवडेच्या आठवडे राहायची.

मराठीत पाणबुडी हे एका पक्ष्याचंही नाव आहे. तळ्यात दिसणारी ती छोटी टिबुकली. पोहता पोहता बुडी मारते, थोडा वेळ दिसेनाशी होते आणि भलतीकडेच डोकं वर काढते. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन यू-बोटींना हे नाव चपखल बसतं. कारण पाण्याखाली राहणाऱ्या बोटी त्या नव्हत्याच. त्या पाण्यावरच्या बोटी, गरज पडली की बुडी मारणाऱ्या.

(दृश्य : पाणबुडीचा उभा छेद. डिझेल इंजिनं, मोटारी आणि बॅटऱ्या एकेक करून उजळतात.)

ही टाइप सेव्हन. सगळे उपप्रकार धरले तर अशा ७०० हून अधिक बांधल्या गेल्या. पाण्यावर असताना दोन डिझेल इंजिनं तिला १७ नॉटनं, म्हणजे ताशी १७ सागरी मैलांनी पळवायची. पाण्याखाली डिझेल चालत नाही. इंजिनालाही श्वास लागतो. तिथे विजेच्या मोटारी, आणि त्यांच्यासाठी शिशाच्या बॅटऱ्या. मोटारींवर पूर्ण जोर लावला तर साडेसात नॉट, पण मग बॅटरी बघता बघता बसायची. काटकसरीनं, चार नॉटनं गेलं तर ८० सागरी मैल. म्हणजे वीस तास, झपझप चालणाऱ्या माणसापेक्षा जेमतेम जास्त वेगानं.

वीस तासांनी वर यायचंच. डिझेल सुरू करायचं, बॅटऱ्या भरायच्या, बोटीत ताजी हवा घ्यायची. पुढची सगळी कहाणी या वीस तासांभोवती फिरते.

(दृश्य : कीलच्या जुन्या गोदीची कृष्णधवल छायाचित्रं.)

पहिल्या महायुद्धानंतर १९१९ च्या व्हर्सायच्या तहानं जर्मनीला पाणबुड्या ठेवायला आणि बांधायला बंदी घातली. पण बंदीनं हातातली कला जात नाही. १९२२ मध्ये हॉलंडमध्ये, द हेगला, एक आराखडे काढणारी कंपनी उघडली. पाटी डच, पैसा आणि अभियंते जर्मन. फिनलंडसाठी वेसिक्को नावाची एक लहान पाणबुडी याच मंडळींनी आखली. जर्मनीच्या पुढच्या किनारी पाणबुडीची ती रंगीत तालीम होती. १८ जून १९३५ ला ब्रिटननं करार करून जर्मनीला पाणबुड्यांची मोकळीक दिली. यू-१ त्याच्या तीन दिवस आधीच कीलमध्ये पाण्यात उतरली होती! सहीला तीन दिवस बाकी असताना बोट तयार. तिची बांधणी किती आधीपासून चालू असेल, याचा हिशेब लंडनमध्ये कुणी केला नाही, की करायचा नव्हता?

पाणबुडीचा जीव म्हणजे आतलं दाबकवच. सुमारे पन्नास मीटर लांबीची पोलादी नळी, सर्वांत रुंद जागी व्यास ४.७ मीटर, पत्र्याची जाडी १८.५ मिलिमीटर. पत्रे वाकवून त्यांची कडी करायची, आतून फासळ्या द्यायच्या आणि कडी एकमेकांना वेल्डिंगनं जोडायची. रिव्हेट नाही, कारण प्रत्येक भोक म्हणजे गळतीची जागा. डिझेल इंजिनांसारखा अवजड ऐवज आत उतरवेपर्यंत नळीचं पोट वरून उघडं असे. नंतर ते पत्र्यानं बंद करायचं. या नळीभोवती बाहेरचं हलकं कवच आणि दोन्ही अंगांना खोगिरासारख्या फुगीर टाक्या. त्यांत पाणी घेतलं की बोट बुडते, दाबाची हवा सोडून पाणी हाकललं की वर येते.

इंधनाची युक्ती मला विशेष आवडते. तेल संपत गेलं की बोट हलकी होणार, तोल बिघडणार. म्हणून बाहेरच्या तेलाच्या टाक्या खालून समुद्राला उघड्या ठेवल्या. तेल पाण्यावर तरंगतं. वरून जितकं तेल ओढलं जाईल, तितकं समुद्राचं पाणी खालून आपोआप आत येई. टाकी कायम भरलेली. पाणी तेलापेक्षा जड, तेवढा फरक दुसऱ्या टाक्यांमधून साधायचा.

(दृश्य : आतला अरुंद मार्ग. छताला टांगलेले सॉसेज, बाकांमध्ये बटाट्यांची पोती.)

मोहिमेवर निघताना बोट वाण्याच्या दुकानासारखी दिसायची. जिथे हाताचं बोट शिरेल तिथे सामान. शौचालयं दोन, पण त्यातलं एक सुरुवातीचे काही आठवडे खाण्याच्या सामानानं भरलेलं. म्हणजे पन्नास माणसांत एक. आंघोळ नाही. पाळी बदलली की एक जण उठायचा आणि त्याच्याच उबदार बिछान्यात दुसरा आडवा व्हायचा. पुढच्या टॉर्पेडो-कक्षात तर माणसं टॉर्पेडोंच्या सोबतीनं झोपत. सात मीटर लांबीचा एकेक टॉर्पेडो, फरशीखाली आणि फरशीवर. तो डागला गेला की शत्रूचं जहाज बुडायचं की नाही हे पुढचं. इथे पाय पसरायला जागा व्हायची, हे नक्की.

बॅटऱ्या राहत्या खोल्यांच्या फरशीखाली. त्यांत समुद्राचं पाणी शिरलं तर क्लोरीन वायू. १४ एप्रिल १९४५ ला स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ यू-१२०६ वर नेमकं हेच झालं, आणि कारण होतं शौचालय. खोल पाण्यातही वापरता येईल असं नव्या पद्धतीचं शौचालय, त्याच्या झडपा उघडायचा क्रम किचकट. क्रम चुकला, पाणी आत आलं, बॅटऱ्यांपर्यंत गेलं. विषारी हवेमुळे बोट वर आणावी लागली, वर विमानं होती. अखेर खलाशांनी बोट सोडून दिली. ऐकताना हसू येतं. आत असणाऱ्याला आलं नसेल.

(दृश्य : रात्रीचा अटलांटिक. फक्त लाटांचा आवाज.)

युद्ध सुरू झालं तेव्हा जर्मनीकडे ५७ यू-बोटी होत्या. पाणबुडी दलाचा प्रमुख कार्ल डोनिट्झ ३०० मागत होता. १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडला आणि ब्रेस्ट, लोरियाँ, सँ-नाझेर ही अटलांटिकवरची बंदरं आयती हाती आली. डोनिट्झची रीत अशी : बोटी समुद्रात दूर दूर, रांगेनं पसरून ठेवायच्या. एकीला जहाजांचा ताफा दिसला की तिनं हल्ला करायचा नाही, मागे मागे राहून बिनतारी संदेश पाठवत राहायचं. बाकीच्या गोळा झाल्या की रात्री सगळ्यांनी मिळून तुटून पडायचं. लांडग्यांचा कळप म्हणत त्याला.

आणि हल्ला पाण्याखालून नव्हे, पाण्यावरून. ब्रिटिश जहाजांवरचं ध्वनियंत्र पाण्याखालची बोट शोधायचं. पृष्ठभागावरची ठेंगणी बोट त्याला सापडत नसे आणि रात्री डोळ्यांनाही दिसत नसे. शिवाय वर असताना तिचा वेग ताफ्याच्या कितीतरी पुढे.

१७ सप्टेंबर १९४०. लिव्हरपूलहून कॅनडाला निघालेलं सिटी ऑफ बनारस. जहाजावर बॉम्बवर्षावापासून दूर पाठवलेली ९० ब्रिटिश मुलं. संरक्षक युद्धनौका ताफ्याला सोडून गेलेल्या. मागावर यू-४८, कप्तान हाइनरिश ब्लाइश्रोट. पहिला नेम चुकला. मध्यरात्रीच्या सुमाराला पुढचा टॉर्पेडो लागला. ९० मुलांपैकी ७७ गेली.

जहाजाच्या नावात बनारस होतं आणि जहाज चालवणारे बहुतेक हात हिंदुस्थानी होते. त्या रात्री शंभराच्या आसपास हिंदी खलाशी मेले. थंड वाऱ्यात, पातळ कपड्यांत, होड्यांमध्ये बसल्या जागी. मुलांच्या गोष्टीवर जग हळहळलं, ते योग्यच होतं. खलाशांची नावं मात्र त्या हळहळीत फारशी आली नाहीत.

त्या काळात ब्रिटिश व्यापारी जहाजांच्या इंजिनघरात कोळसा ओढणारे, डेकवर दोर सांभाळणारे, भटारखान्यात राबणारे कितीतरी जण रत्नागिरीच्या खाड्यांमधले आणि गोव्यातले होते. मुंबईत, मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये या युद्धात गेलेल्या हिंदी नौसैनिकांच्या आणि खलाशांच्या नावांची नोंदवही आहे. सहा हजारांहून अधिक नावं. त्यातल्या बहुतेकांची कबर समुद्रात.

(दृश्य : नकाशा. कीलहून आफ्रिकेला वळसा घालत जाणारी रेषा.)

आपल्या प्रेक्षकांना एक यू-बोट मात्र ठाऊक असते, नंबर माहीत नसला तरी. यू-१८०. फेब्रुवारी १९४३ मध्ये नेताजी सुभाषचंद्र बोस आणि त्यांचे सहकारी आबिद हसन कीलहून तिच्यात चढले. ही टाइप सेव्हनपेक्षा मोठी, दूर पल्ल्याची जात. तरीही आत तोच डिझेलचा वास आणि तीच कोंडी. एप्रिलच्या अखेरीस मादागास्करजवळच्या खवळलेल्या समुद्रात दोघं रबरी होडीतून जपानच्या आय-२९ पाणबुडीवर गेले. पाण्याखालून तीन महिन्यांचा प्रवास, असं आपण सर्रास म्हणतो. खरं तर त्यातला पुष्कळसा पाण्यावरूनच झाला असणार. वीस तासांचा हिशेब इथेही चुकत नाही.

(दृश्य : ढगांतून उतरणारं लिबरेटर विमान.)

आता त्याच हिशेबावर शत्रूनं बोट ठेवलं.

पाणबुडी वर येणार म्हणजे येणार. मग वर आलेली पाणबुडी शोधायची. सेंटिमीटर लांबीच्या लहरींचं नवं रडार अंधारातही यू-बोटीचा बुरूज, म्हणजे तिच्या पाठीवरचा उंचवटा, पकडू लागलं. विमानांना झगझगीत शोधदिवा बसवला. शेवटच्या क्षणी तो लागायचा आणि बुरुजावरचा पहारेकरी उजेडात आंधळा व्हायचा. बोटी एकमेकींना संदेश पाठवत, त्यावरून त्यांची दिशा कळे. एनिग्मा या जर्मन सांकेतिक यंत्राचा संकेत फोडून ब्लेचली पार्क या ब्रिटिश केंद्रातली मंडळी तेच संदेश वाचत. कळपाला जोडणारा धागाच कळपाचा माग सांगू लागला. मध्य अटलांटिकच्या ज्या पट्ट्यात विमानं पोचत नव्हती, तिथे १९४३ च्या वसंतात ती पोचू लागली.

त्या मे महिन्यात ४१ यू-बोटी बुडाल्या. यू-९५४ वर डोनिट्झचा धाकटा मुलगा पीटर होता. २४ मे रोजी डोनिट्झनं उत्तर अटलांटिकमधून बोटी मागे घेतल्या.

पुढच्या वर्षी स्नॉर्केल आलं. मूळ कल्पना डचांची. एक लांब नळी पाण्याबाहेर काढायची आणि तिच्यातून हवा घेत पाण्याखालीच डिझेल चालवायचं. लाट आली की नळीच्या तोंडची झडप बंद व्हायची, आणि इंजिन थेट माणसांच्या खोलीतली हवा ओढायला लागायचं. कानांना दडे बसायचे, डोळे बाहेर आल्यासारखे वाटायचे. झडप उघडली की पुन्हा हवा. लाटांगणिक हेच.

(दृश्य : ब्रेमेनजवळ, वेझर नदीकाठी काँक्रीटची अजस्र भिंत.)

खरी पाणबुडी जर्मनीनं शेवटी आखली. टाइप ट्वेंटीवन. बॅटऱ्या तिप्पट, अंग गुळगुळीत, पाण्याखाली वेग १७ नॉट. तिच्या बांधणीची सूत्रं ज्या ऑटो मेर्करकडे गेली, तो आगीचे बंब बनवणाऱ्या कारखान्यातून आलेला. त्यानं ठरवलं, बोट गोदीत बांधायचीच नाही. आठ तुकडे देशभरच्या कारखान्यांत करायचे, नद्या-कालव्यांतून तराफ्यांवर आणायचे आणि किनाऱ्यावर जोडायचे. कागदावर देखणं. प्रत्यक्षात पूल आणि छप्परं बांधणाऱ्यांना पाणबुडीचा सूत-सूत हिशेब सवयीचा नव्हता. तुकडे एकमेकांना नीट बसेनात, दुरुस्तीत महिने गेले. ११८ तयार झाल्या. युद्धमोहिमेवर निघाल्या दोन.

तुकडे जोडण्यासाठी ब्रेमेनजवळ फार्गेला हा व्हॅलेंटिन बंकर उभारला. लांबी ४२० मीटरच्या वर. हजारो युद्धकैदी, छळछावणीतले बंदी आणि वेठीला धरलेले मजूर इथे सिमेंटची पोती वाहत होते. नावानिशी नोंद सापडलेले मृत ११०० हून अधिक. २७ मार्च १९४५ ला ब्रिटिश विमानांच्या दहा टनी बॉम्बनी साडेचार मीटर जाडीचं छत फोडलं. व्हॅलेंटिनमधून एकही पाणबुडी बाहेर पडली नाही.

यू-बोटींवरून सुमारे ४०,००० माणसं मोहिमेवर निघाली. चारातली तीन परतली नाहीत.

(दृश्य : पुन्हा लाबो. यू-९९५ चं आतलं गोल दार, त्यातून वाकून पलीकडे जाणारी शाळकरी मुलं.)

यू-९९५ वाचली, कारण युद्ध संपलं तेव्हा ती नॉर्वेत ट्रोन्हाइमला होती. नंतर नॉर्वेच्या नौदलानं तिला कौरा हे नवं नाव देऊन काही वर्षं वापरली, मग जर्मनीला परत केली. आता सकाळी दारं उघडतात आणि रांग लागते. आत आजही तेलाचा मंद वास आहे. मुलं आधी गलका करत शिरतात, मधल्या गोल दारापाशी वाकताना जरा गप्प होतात. शेवटच्या दारातून बाहेर आलं की समोर बाल्टिक, आणि तोंडावर वारा.

(वाऱ्याचा आवाज. श्रेयनामावली.)