विहिरीपाशी मागितलेलं पाणी

नमस्कार मंडळी. नाताळच्या मेळाव्यात दोन शब्द बोला, असा कार्यकारिणीचा आग्रह झाला. गोठा आणि मेंढपाळ तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहेत, म्हणून आज मी विहिरीची गोष्ट सांगते.

योहानाच्या शुभवर्तमानात ती चौथ्या अध्यायात येते. भर दुपारची वेळ. चालून दमलेला येशू शोमरोनातल्या एका विहिरीपाशी बसलाय. यहूदी आणि शोमरोनी यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं वाकडं. तेवढ्यात एक शोमरोनी बाई घागर घेऊन येते आणि तो तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. ती थक्क होते. तुम्ही यहूदी, आणि माझ्याकडे पाणी मागता?

मराठी माणसाला याचा अर्थ फोड करून सांगावा लागत नाही. १८६८ साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुला केला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायले, तर त्यावरून केवढं रण माजलं! कुणाच्या हातचं पाणी प्यायचं, यात आपल्याकडे माणसाची सगळी किंमत ठरत आली.

याच गोष्टीने एका मराठी बाईचं आयुष्य बदललं. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि वाँटेजच्या सिस्टरांकडे, म्हणजे ख्रिस्ती जोगिणींकडे, राहिल्या. त्या सिस्टरांचं लंडनमध्ये फुलहॅमला काम होतं. समाजाने ओवाळून टाकलेल्या बायकांना तिथे मायेने सांभाळत. हे बघून रमाबाईंनी विचारलं, या बायकांची तुम्हाला एवढी कळकळ का? तेव्हा एका सिस्टरने त्यांना शोमरोनी बाईची ही गोष्ट वाचून दाखवली. आपल्यावर तिचा किती परिणाम झाला, ते रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवलंय. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या, जवळजवळ तीनशे. केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं ते त्यांच्यासाठी. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी आल्या. बोली निराळ्या, जाती निराळ्या. अंध मुलींचीही तिथे सोय झाली.

त्याआधी, रमाबाईंनी विधवा-मुलींसाठी काढलेल्या शारदा सदनात धर्मांतर होतंय म्हणून पुण्यात वादळ उठलं होतं आणि रानडे, भांडारकर यांच्यासारखे सुधारक त्याच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले होते, हेही सांगायला हवं. धर्मांतराचा विषय आजही दुखरा आहे. मी ख्रिस्ती आहे, आणि माझं मत स्पष्ट आहे: ताटात वाढताना मनात अट असेल, तर ती दया नव्हे. आणि विहिरीपाशी तर आधी मागणारा येशूच होता. मला त्या गोष्टीतलं हेच सगळ्यांत मोठं वाटतं. देणाऱ्याचा हात वर असतो. मागताना तो खाली येतो. इथे टोरांटोत थंडीचे कोट गोळा करून निर्वासितांना देणं आपल्याला जमतं, आणि ते चांगलंच आहे. पण त्यांच्या घरी जाऊन त्यांच्या भांड्यातलं आपल्यापैकी किती जण खातो?

माझी आई नगरहून पहिल्यांदा इथे आली, तेव्हाचं सांगते. आमच्या चर्चमधल्या एका इथिओपियन बाईने आम्हाला घरी बोलावलं. आईला जायचं नव्हतं. ‘ते लोक काय खातात, कसं करतात, आपल्याला काय माहीत?’ पवित्र शास्त्र रोज वाचणारी माझी आई, पण जुन्या सवयी आम्हा ख्रिस्ती घरांतूनही जात नाहीत, त्याला काय करणार!

त्या बाईने आमच्यासमोर हिरवट कॉफीच्या बिया तव्यावर भाजल्या. भाजता भाजता तवा आमच्याजवळ आणला आणि धूर हाताने हलकेच आमच्याकडे सारला, वास घ्या म्हणून. मग कॉफी कुटून मातीच्या सुरईत उकळली आणि बिनकानाच्या इवल्याशा कपांत ओतली. आईने पहिला कप माझ्याकडे बघत बघत संपवला. त्यांच्याकडे तीन वेळा ओततात, तिसऱ्या कपाला ‘बरका’, म्हणजे आशीर्वाद म्हणतात. आईला हे कुणी सांगितलं नव्हतं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. दुसरा कप झाला तशी आईने तो पुढे केला आणि मराठीतच विचारलं, ‘बाई, अजून थोडी आहे का गं?’