आल्तिनोवर नेलेली फाईल

(पहाट. पणजीच्या मळा भागातल्या पायऱ्या. पदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलीचा भोंगा.)

मळ्यातून पायऱ्या चढून आल्तिनोच्या टेकडीवर यायला लागलं की पदेराचा पों-पों हळूहळू खाली राहतो. वर आर्चबिशपांचा वाडा, सरकारी बंगले, जुनी झाडं. आणि पोर्तुगालचा वाणिज्य दूतावास.

(फाटकाबाहेर उभी माणसं. हातांतल्या प्लास्टिकच्या फायली, जवळून.)

लोक याला सरळ 'एम्बसी' म्हणतात. खरी एम्बसी, म्हणजे वकिलात, दिल्लीत. करार, मंत्र्यांच्या भेटी, दोन सरकारांमधलं बोलणं तिकडे. पणजीत कामं कागदाची: पासपोर्ट, ओळखपत्र, व्हिसा, नोटरीचे दस्त, जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदी. आत कॅमेरा नेता आला नाही. त्यामुळे आपण या फायलींच्या मागे जाऊ.

(जुनी छायाचित्रं. मांडवीचा काठ.)

त्याआधी एक गंमत. याच पणजीत 1955 पर्यंत भारताचा वाणिज्य दूतावास होता. तेव्हा परदेश म्हणजे गोवाच! 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला, पण पोर्तुगालने ते मानायला 1974 उजाडलं. लिस्बनमध्ये हुकूमशाही कोसळली आणि त्याच वर्षी 31 डिसेंबरला दिल्लीत करारावर सह्या झाल्या. आल्तिनोवरचं हे कार्यालय त्यानंतर वीस वर्षांनी, 1994 मध्ये आलं.

(नोंदवहीचं पान. बोरूसारखं तिरकं, वळणदार अक्षर. कॅमेरा सावकाश सरकतो.)

हे पान बघा. पाखल्यांच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या, काळातली जन्मनोंद. तारीख आकड्यांत नाही, अक्षरांत लिहिलेली. दिवस, महिना, साल, सगळं. मग बाळाचं नाव, आईबाप, आणि त्याखाली आजी-आजोबा, बापाकडचे आणि आईकडचेही. एका पानावर तीन पिढ्या. या नोंदीची जशीच्या तशी प्रमाणित नक्कल म्हणजे 'तेओर'. फाटकाबाहेरच्या प्रत्येक फाईलमध्ये ती असते, नाहीतर ती मिळवण्याची धडपड असते.

कारण पोर्तुगालच्या लेखी मुक्तीआधी गोवा, दमण, दीवमध्ये जन्मलेला माणूस जन्मानेच पोर्तुगीज. फक्त त्याची नोंद लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात चढायला हवी. आजोबांची चढली की बाबांची, बाबांची चढली की मुलाची. ओळखपत्र आणि पासपोर्ट त्याच्या नंतर.

(बोट अक्षरांवरून फिरतं.)

आता कारकुनाने काय लिहिलंय ते वाचायचं. शेट इथे 'एक्स'ने सुरू होतो, कारण पोर्तुगीजमध्ये एक्सचा उच्चार 'श'. नायकाच्या शेवटी क्यू-यू-ई. प्रभूंचा झालाय पोरोबो. घरात नातू म्हणतो, "हें आमच्या आज्याचें नांव न्हय!" असतं त्याच्याच आज्याचं. फक्त ऐकलं डिचोलीत आणि लिहिलं पोर्तुगीज कानाने.

ही अक्षरं लावणारे लोक आता कमी. पान उलटताना कडेचा चुरा होतो. कर्मचारी तो तळहाताने गोळा करून बाजूला ठेवतो. शाई काही ठिकाणी कागद खाऊन आरपार गेली आहे. पासपोर्टसाठी का होईना, या वह्या उघडल्या जातात. नाहीतर त्यांच्याकडे कोण फिरकलं असतं? आमच्या हिंदू घरांत तर हा सगळा ख्रिस्ती लोकांचा मामला समजून कित्येक वर्षं कुणी विचारलंही नाही. नोंद मात्र सगळ्यांची होती.

(आजी, नऊवारीत. मांडीवर फाईल.)

या आजी डिचोलीहून आल्यात. जन्मनोंदीत नाव शांती. लग्नात, आपल्याकडच्या रीतीप्रमाणे, तांदळात अंगठीने नवीन नाव लिहिलं: लक्ष्मी. आधार कार्डावर लक्ष्मी, मतदार यादीत लक्ष्मी. लिस्बनला शांती हवी आहे. शांती आणि लक्ष्मी एकच, हे सिद्ध करायला लग्नाची नोंद, प्रतिज्ञापत्र, भाषांतर, त्यावर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का. तांदळातल्या नावाला अपोस्टिल कुठून आणायचं, हे त्यांनी आम्हालाच विचारलं.

(विमानतळ. ट्रॉल्या.)

ब्रिटन युरोपीय संघात होतं तोवर हाच पासपोर्ट गोवेकरांना स्विंडन, साउथॉलपर्यंत न्यायचा. आता तिथे राहून काम करायला व्हिसा लागतो. संघातल्या देशांत नाही. इकडे भारतीय नागरिकत्व कायद्याचं कलम 9: परक्या देशाचं नागरिकत्व आपणहून घेतलं की इथलं संपतं, मतही जातं. नुसत्या लिस्बनच्या नोंदीनेच ते जातं का, यावर गोव्यात वाद आहे. ओसीआय कार्डावर, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसांना मिळणाऱ्या कार्डावर, राहता येतं, घर ठेवता येतं. शेतजमीन विकत घेता येत नाही.

(पुन्हा फाटक. दुपार.)

आजी बाहेर येतात. फाईल आत घेतली नाही. लग्नाची नोंद कमी पडली.

(पायऱ्या उतरताना, पाठीमागून. नातू फोनवर.)

उद्या पुन्हा डिचोली. वही सापडली तर.

(पावलांचा आवाज. निवेदन नाही.)